वाघाच्या खांबाला पाणी

ग्रिलचं दार लाव ऋतिक, आणि कडी नीट बसली का ते बघ. काल कांदाचाळीमागं बिबट्या दिसला म्हणतात. आता उजाडेपर्यंत पिंपरी पेंढारात कुणी अंगणातसुद्धा पाय टाकायचा नाही, तेव्हा बसा. भुताची गोष्ट मागितलीत ना? सांगतो. पण माझ्या गोष्टीत पांढऱ्या साडीची बाई नाही, उलटे पाय नाहीत. डिंभ्याला संपत म्हणून माझ्या ओळखीचा माणूस आहे. आजही आहे, टेंपो चालवतो. दोन वर्षांपूर्वी आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी त्याच्यावर एक काम आलं. एक लाकूड सकाळपर्यंत ओलं ठेवायचं. एवढंच काम.

तुम्ही म्हणाल, लाकूड ओलं कशाला ठेवायचं? तर आधी लोणीच्या पाटलाचं ऐका. जुने दरवाजे, खांब, तांब्यापितळेची भांडी, हा धंदा मी जुन्नरात चाळीस वर्षं केला. एकदा या पाटलाच्या विहिरीचा गाळ काढताना तळाशी सागवानी रहाट सापडला. आजोबांच्या आजोबांच्या काळातला, पण काल सुताराकडून आणल्यासारखा. पाटलाचा फोन, "शेठ, गाडी घेऊन या." मी म्हटलं, दोन-चार दिवसांत येतो. पाटील हुशार. शेठला ओलं लाकूड कसं द्यायचं म्हणून त्यानं रहाट गच्चीवर उन्हात ठेवला. मी गेलो तेव्हा रहाटाचा पापड झालेला. हात लावला की चुरा. पाटील म्हणतो, "शेठ, पाण्यात शंभर वर्षं टिकला, माझ्या गच्चीवर चार दिवस टिकंना!"

त्याचं असं असतं. पाण्यात राहिलेलं लाकूड आतून विरलेलं असतं. आतलं पाणीच त्याला धरून ठेवतं. पाणी गेलं की ते आतल्या आत बसतं.

आता संपतचं.

संपतचा बाप सोमाजी. डिंभ्याचं धरण पहिल्यांदा भरायला लागलं, तेव्हा वरच्या अंगाची वाडी बुडाली. माणसं आधीच वर सरकली होती, देव मागं राहिला होता. वाघोबाचं देऊळ. त्याला एक कोरीव लाकडी खांब, त्यावर वाघ, आणि त्या वाघाचा उजवा कान तुटका. कुणी कधी कोरला माहीत नाही. पाणी पायऱ्यांना लागल्यावर गावानं तो खांब काढला आणि सोमाजीच्या नावेत ठेवला. गावात नाव त्याच्या एकट्याचीच. पलीकडं नेऊन नव्या देवळात बसवायचं ठरलं होतं. सोमाजी संध्याकाळी एकटा निघाला... आणि पोचलाच नाही. नाव नाही, खांब नाही, माणूस नाही.

चार दिवस शोधलं. मग गाव बोलायला लागलं. सोमाजीनं खांब पुण्याच्या व्यापाऱ्याला विकला, नाव सोडून दिली आणि पळाला. माझ्या दुकानातसुद्धा चौकशीला आले होते, तुमच्याकडं आला का म्हणून. त्या घोळक्यात दादाभाऊ होता, सोमाजीचा चुलतभाऊ. तोच सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता. मागं दाराशी सोमाजीची बायको अंबाबाई उभी.

आखितीला घरोघरी वारलेल्या माणसाच्या नावानं नवं मडकं पाण्यानं भरून ठेवतात, वर आंबा. अंबाबाईनं सोमाजीचं मडकं कधी भरलं नाही. "मेल्याला पानी द्यायाचं. माजा मानूस मेला ह्ये कुनी बगितलंय?" कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गाव म्हणायचं, पळालेल्याला कसलं पाणी! संपत या दोघांच्या मध्ये वाढला. एका बाजूला जिवंत बाप, दुसऱ्या बाजूला चोर बाप. पोरगा बधिर झाला. लग्नात हसला नाही, सासरा गेला तेव्हा रडला नाही. मी एकदा विचारलं, "संपत, तुला बापाची आठवण येते का रे?" तर म्हणाला, "शेठ, काय येत न्हाई. आत हात घातला तर काय लागतच न्हाई."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. गेणू म्हणून मासेमारी करणारा पोरगा आहे, त्याचं जाळं गाळात अडकलं. ओढलं तर खांब. चार-पाच जणांनी दोर लावून तो काठावर आणला. कुणीतरी पुण्याच्या वृषाली मॅडमना कळवलं. पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्तू, बुडालेल्या नावा, देवळं, असल्या गोष्टी सांभाळणं हेच बाईंचं काम. बाई दुपारी आल्या आणि कपाळाला हात लावला. "ओढून कशाला काढलात? होता तिथं सुखरूप होता. नाव कुठं होती, खांब कसा पडला होता, सगळं पुसून टाकलंत."

मग त्यांनीच खड्डा खणून घेतला, संपतच्या घराच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या दिशेला. त्यात ताडपत्री, ताडपत्रीत पाणी, पाण्यात खांब, वर ओली गोणपाटं. चेहऱ्यावर इतका गाळ की वाघ आहे की म्हैस, कळायला मार्ग नाही. बाई गाळ काढू देईनात, ते सावकाश प्रयोगशाळेत करायचं म्हणे. पण लोकांची घालमेल बघून म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्यासमोर मऊ ब्रशनं तेवढा चेहरा मोकळा करू. तुम्ही ओळखा. मग गाडीत घालू." गाडी त्याच दिवशी यायची, पण लोकसभेचं मतदान तीन दिवसांवर. सगळ्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या.

दादाभाऊ काठी टेकत आला. "द्येव असा चिखलात लोळवत्यात व्हय? उनात वाळवा, त्याल पाजा, शेंदूर लावा."

"आजोबा, वाळला तर चेहऱ्याला भेगा पडतील. मग कान काय, वाघसुद्धा उरणार नाही."

"ह्यो आमचा खांब हाय का त्येच ठरलं न्हाई अजून," दादाभाऊ संपतकडं बघून म्हणाला. "सकाळी बगू. कान दिसला तर मानू."

बाई मुक्कामाला घोडेगावात गेल्या. जाताना संपतला म्हणाल्या, "रात्री वारा कोरडा असतो. गोणपाट कोरडं पडू देऊ नका, बस." गेणू सोबतीला येणार होता, पण आखिती म्हणजे लग्नाची तीथ. दिवस उतरल्यावर वऱ्हाड पोचवायला गेला तो गेलाच.

तिजेची कोर लवकर मावळली. लाइट गेली. संपत खड्ड्यापाशी बाजलं टाकून बसला होता. दहाच्या सुमाराला त्यानं टॉर्च मारली, तर खड्ड्यात पाणी नाही. ताडपत्रीला खालून दगड लागला असावा. पाणी जमिनीत मुरून गेलेलं. खांब उघडा, वरची गोणपाटं नुसती दमट.

लाइट नाही म्हणजे मोटर नाही. संपतनं दोन बादल्या उचलल्या. धरणाचं पाणी लई लांब सरकलं होतं, मध्ये सगळा गाळ. वर वाळलेला, खाली दलदल. तो गेला, आला, ओतलं. गेला, आला, ओतलं. किती वेळा ते त्यालाही माहीत नाही. मग एका खेपेला वाळलेला थर मोडला आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. घोट्यात काहीतरी कट्‌कन् झालं. बादल्या तिथंच राहिल्या. रांगत रांगत तो बाजल्यापर्यंत आला.

फोनला रेंज नाही, बायको आखितीला माहेरी, आईला हाक मारावी तर ती थकलेली. दुसऱ्या कुणाला मारावी, तर कोण येणार? चोराच्या पोराच्या हाकेला?

वारा सुटला होता. कोरडा, पिठासारखा. संपतनं हात लांबवून गोणपाट चाचपलं. सुकत आलं होतं. सकाळी भेगा पडलेल्या असणार. कान दिसणार नाही. संपलं. रडू यायला पाहिजे होतं, तो म्हणतो. आलं नाही. बाजल्यावर पाय वर घेऊन तो नुसता पडून राहिला.

डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती आवाजानं.

पाणी ओतल्याचा आवाज.

"आबा, बिबट्या असंल पाणी प्यायला आलेला."

तेच म्हणतोय मी, ऋतिक. संपतलाही आधी तेच वाटलं. पण बिबट्या पाणी पितो. ओतत नाही.

खड्ड्यापाशी कुणीतरी वाकलं होतं. गुडघ्यावर धोतर की टॉवेल, कळेना. ओतलं. वळलं. पाण्याकडं चालू लागलं.

"आलास व्हय गेणू?" संपत म्हणाला. "वऱ्हाडात जेवून आलास, मला लाडू तरी आनायचा. आन् टॉर्च घे की, गाळ वंगाळ हाय. माजा पाय मोडलाय बग."

अंधारातच माणूस गेला. गाळात पाय टाकल्याचा आवाज नाही. थोड्या वेळानं आला. ओतलं. वळला.

संपतला बरं वाटलं. कुणीतरी होतं. पाय ठणकत होता, झोप अर्धवट होती, आणि आयुष्यात कधी बोलला नाही ते तो अंधारात बोलला.

"गेणू, तुला सांगतो. दादाभाऊ म्हनतो बानं खांब इकला. आई म्हनती बा येनार हाय. मला दोन्ही नको वाटतंय. खांब हितंच बुडला आसंल, तर बा बी हितंच बुडला. मंग चोर नव्हता. पन मंग येनार बी न्हाई. मी काय मागू, सांग?"

ओतणं थांबलं.

माणूस खड्ड्यापाशी तसाच उभा. वाकलेला. पाठमोरा.

बराच वेळ.

मग पुन्हा... पाण्याकडं.

उशाला ठेवलेला फोन थरथरला. एकच कांडी रेंज.

"संपतभाऊ, गेणू बोलतोय. राव, गाडी बंद पडली, घोडेगावातच हाय मी. सकाळच्याला येतो. खांब वल्ला हाय ना?"

संपतनं फोन खाली ठेवला.

पाणी ओतल्याचा आवाज.

भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. पायाचा ठणका थांबला होता. हात आपले वाटत नव्हते. टॉर्च मांडीवर होती. बोट बटणावर होतं.

दाबलं नाही.

"...बा?"

...

ओतलं. वळला. गेला.

"बा, पुरं झालं आता. दमशील."

आला.

ओतलं.

उगवतीला फटफटेपर्यंत. एक खेप चुकली नाही. मग एका खेपेला माणूस गेला, आणि संपत वाट बघत राहिला. कोंबडा आरवला. वाट बघतच राहिला.

उजाडलं तेव्हा दादाभाऊ आणि चार म्हातारी माणसं उतारावरून आली. मागून अंबाबाई. वृषाली मॅडम घोडेगावाहून आल्या. त्यांनी गोणपाट उचललं, तर पाणी निथळत होतं. खांब चिंब. एक भेग नाही. बाईंनी चेहऱ्यावर पाणी सोडत सोडत मऊ ब्रश फिरवला. गाळ सुटला. डोळे. जबडा. डावा कान.

उजवा तुटका.

दादाभाऊनं डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिथंच मातीत बसला. बसल्या बसल्या एकदा अंबाबाईकडं बघितलं, मग मान खाली घातली.

"एवढं पाणी कसं घातलंत?" बाईंनी संपतला विचारलं. त्याच्या दोन बादल्या लांब गाळात उलट्या पडलेल्या दिसत होत्या.

अंबाबाईचं लक्ष खांबाकडं नव्हतंच. खड्ड्याच्या काठावर एक डबा होता. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, वर तारेची कडी. नावेत शिरलेलं पाणी बाहेर उपसायला नावाडी ठेवतात, तसा. कडीला चिंधी गुंडाळलेली.

ती खाली बसली. चिंधीवरून बोट फिरवलं.

"माज्या लुगड्याचा काठ हाय," ती म्हणाली. "तार बोटाला कापायची त्यांच्या. मीच बांदला व्हता."

रडली नाही. पदर नीट केला, उठली.

"संपत, नवं मडकं आन. आन् येक आंबा."

"आये, आखिती काल झाली."

"आन म्हनते ना."

खांब पुण्याला गेला. अजून पाण्याच्या टाकीतच आहे, हळूहळू औषध पाजतात त्याला, मग वाळवणार. बाईंनी डबाही मागितला होता. अंबाबाईनं दिला नाही. चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवलाय.

मागच्या महिन्यात मी डिंभ्याला गेलो होतो. अंबाबाईचं कपाळ आता मोकळं आहे. तिनं चहा दिला. मी डबा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, धंद्याची सवय. पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही. दोन वर्षं झाली तो त्या कोनाड्यात आहे, खाली रोज चूल पेटते. भांडी ठेवायची जागासुद्धा तापलेली असते.

मी चिंधी दोन बोटांत धरली.

पिळली.

...

ऋतिक, ग्रिल लावलंय ना रे नीट?

माझा हात ओला झाला.