खिळ्यावरचा नान

लांब जाणाऱ्यानं नानचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेला नान मागच्यांनी खिळ्याला अडकवायचा आणि परतल्यावर त्यानंच तो संपवायचा, ही आमच्या बुखाऱ्याकडची रीत. माझा धाकटा भाऊ झोकिर वाळवंटात निघाला तेव्हा घाईत होता, म्हणून त्यानं तो घास प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीतच घेतला आणि उरलेला नान मी तिथल्याच खिळ्याला अडकवला. आम्ही दोघंही प्लेगच्या लशीवर काम करायचो. तो वाळवंटातले उंदीर पकडायचा, मी त्यांचं रक्त तपासायचे. त्याचा पुढचा दात लहानपणी तुटलेला, त्यामुळे नानच्या चावलेल्या कडेला मधोमध एक उंचवटा राहिला.

"ओपा, उंदरांना घालू नकोस हं!" म्हणत तो गाडीत चढला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ओपा म्हणतात.

मग वाळवंटातल्या तळावरून निरोप आला. झोकिरला ताप होता, वेगळं ठेवलं होतं. तिथले डॉक्टर फोनवर दरवेळी तेच सांगायचे.

"सुधारतोय, मुनिसा-ओपा."

"मग बोलू द्या ना त्याला."

"झोपलाय."

माणूस झोपून झोपून किती झोपेल? डॉक्टर काहीतरी लपवत होते, याबद्दल माझी खात्रीच झाली.

त्याच सुमारास खिळ्यावरचा नान कमी होऊ लागला. मी थेट दिलफुझाला धरलं. आमच्या प्रयोगशाळेत खादाड तीच.

"वाळून दगड झालेला नान मी खाऊ?" ती भडकली. "माझे दात काय फुकटचे आहेत?"

उंदरांवर ढकलावं, तर घास माणसाचा होता. मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. सकाळी नवा घास. मधोमध उंचवटा.

मी शास्त्र शिकलेली बाई, पण त्या उंचवट्यावर बोट ठेवून रडले. खातोय म्हणजे जगतोय, असं मनाला सांगत राहिले.

आणि झोकिर खरंच परतला. रोडावलेला, पण स्वतःच्या पायांनी चालत. मी त्याला कवटाळलं. खिळ्यावरचा शेवटचा तुकडा काढून पुढे केला.

"हा कशाला? ताजा दे ना, ओपा."

"अरे, रीत आहे."

"असली कसली रीत?"

"तापात विसरला असेल गं," म्हणत दिलफुझानं चहा ओतला.

मी तुकडा परत खिळ्याला लावला. झोकिरनं ताज्या नानचा लचका तोडला आणि उरलेला माझ्यासमोर ठेवला.

कड सरळ होती.

"दात कधी बसवलास?"

"कुठला दात?"

मी खिळ्याकडे वळले. तुकडा निम्मा झाला होता. उंचवटा अजून ओला होता.