गंगारामचं अर्धं गाऱ्हाणं

बसा असे भिंतीला टेकून. कंदील जरा लांब ठेवतो, उजेड डोळ्यांवर आला की मला बोलणं सुचत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हे मी फक्त आमच्या पाद्रींना सांगितलंय, आणि त्यांनी सगळं ऐकून घेऊन विषय बदलला.

एकोणीसशे एकोणसाठ साल. नारळी पौर्णिमेची सकाळ. मी तारकर्लीहून मालवणच्या बाजारात गेलो होतो, उदबत्त्या, कापूर आणि पाव शेर साखर आणायला. पावसाळाभर बंद असलेली खाडीवरची तर त्या दिवशी सुरू व्हायची. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, आणि ती वल्हवणारे आम्ही दोघे तारी. मागच्या वल्ह्यावर गंगाराम, पुढच्या वल्ह्यावर मी, आग्नेल. गंगाराम माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, मी त्याला काका म्हणायचो. ओहोटीला पाण्याखालची वाळू चुकवून होडी कशी काढायची, हे मला त्यानेच शिकवलं.

तरीचा मक्ता भाईंकडे होता. भाई वाईट नव्हते हो. गोड बोलायचे, आजारीपाजारी माणसाची चौकशी करायचे. पण गंगाराम चौदा वर्षं एकाच पगारावर वल्हं मारत होता. दर वर्षी तर सुरू व्हायच्या आधी तो भाईंच्या पडवीत जाऊन उभा राहायचा.

"भाईनू, यंदा तरी पगाराचा बगा."

"बगूया रे. आदी चाय घे."

भाईंनी 'नाही' असं कधी म्हटलंच नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. चहा पाजणाऱ्याशी भांडायचं कसं? गंगाराम चहा प्यायचा, कपबशी विहिरीवर धुऊन ठेवायचा आणि हात हलवत परत यायचा.

त्याला पैसा चैनीसाठी नको होता. त्याची बायको मथुरा सहा वर्षं कुणकेश्वरला भावाकडे होती. एका पगारात दोन पोटं भरेनात, म्हणून तोच तिला तिथे पोचवून आला होता, दोन महिन्यांत नेतो असं सांगून. खाडीच्या पलीकडच्या काठावर त्याची झोपडी. दर वर्षी तो ती शाकारायचा आणि चूल स्वतः सारवायचा. "मथुरेक घराक हाडूचा आसा," म्हणायचा, तिला घरी आणायचंय एवढंच. मला कधीकधी त्याचा राग यायचा. इतकं सरळ माणसाने असू नये.

तर ती नारळी पौर्णिमा. धक्क्याजवळ उंडीच्या झाडाखाली तरीच्या देवाचा पाषाण आहे. तिथे भाई, भाईंचे चार खलाशी आणि मी उभे होतो. सगळ्यांत जुना म्हणून गाऱ्हाणं घालायचा मान गंगारामचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगायची विनवणी. एकाने वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ते उचलून धरायचं. उचललं तरच ते देवापर्यंत जातं. न उचललेलं वाक्य तिथेच लोंबकळत राहतं, असं आमच्याकडे मानतात. मी किरिस्तांव खरा, पण तरीवर सगळ्यांत माझाच आवाज मोठा असायचा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर सांभाळ, तरीतली माणसां सांभाळ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"भाईंच्या घराक बरकत दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपायचं. पण गंगारामने हात खाली घेतले नाहीत.

"आणि बा म्हाराजा, ह्या भाईंच्या तोंडात 'व्हय' हो शबद घाल... माजो पगार वाढूंदे, माजी मथुरा घराक येवंदे रे म्हाराजा..."

कोणी बोललं नाही. खलाशी वाळूकडे बघायला लागले. भाई हसतच होते, पण डोळे आमच्यावरून एकेक करत फिरत होते. गंगारामने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत मूग गिळून उभा राहिलो. मलाही पोट होतं, घरी म्हातारी आई होती. ही सबब खरी आहे, आणि तिची मला आजही लाज वाटते.

त्याने नारळ फोडला. सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

"काका, मी किरिस्तांव न्हय? तुमच्या देवाक मी कसो बोलू?"

"आदी तीन वेळा बोललंस," तो शांतपणे म्हणाला, "तेवा खंयचो होतंस रे?"

त्यानंतर त्याने पगाराची गोष्ट कधी काढली नाही. दसऱ्यानंतर त्याला ताप भरला आणि आठव्या दिवशी तो गेला. मी जवळच होतो. शेवटी त्याला धड बोलता येत नव्हतं. "ता तसाच रवला रे, आग्नेल," एवढं म्हणाला. काय तसंच राहिलं ते मला विचारावं लागलं नाही.

मथुराकाकी तिसऱ्या दिवशी आली. सहा वर्षांनी तिने घराचा उंबरा ओलांडला, तो असा. सारवलेली चूल बघून ती रडली नाही, चुलीवरून नुसता हात फिरवत राहिली. मला तिथे उभं राहवेना.

तेराव्याच्या जेवणाला भाई आले होते. तिन्हीसांजेला परत निघाले. मथुराकाकीही गाठोडं घेऊन निघाली, रात्री मालवणात ओळखीच्यांकडे राहून सकाळच्या मोटारीने कुणकेश्वरला जायला. होडीत आम्ही तिघंच. मागचं वल्हं मी दोरीच्या फासातून काढून आत आडवं ठेवलं होतं आणि एकटाच पुढून वल्हवत होतो. वारा पडला होता. पाण्याला कुजलेल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, जड वास येत होता, आणि त्यात हळूहळू विडीचा वास मिसळायला लागला. आमच्या तिघांत कोणीच विडी ओढत नव्हतं, ओढायचा तो गंगाराम.

मग मागे दोरीचा फास करकरला. वल्हं ओढल्यावर करकरतो तसाच... एकदा... पुन्हा एकदा...

खाडीच्या मध्यावर होडी थांबली. मी वल्हं मारत होतो, पाणी कापलं जात होतं, पण होडी जागची हलेना.

"थांबलंस कित्याक?" भाई म्हणाले.

"थांबाक नाय, भाईनू. होडीच चलना नाय."

तेव्हा मागून आवाज आला. मोठा नव्हता. थकलेला होता.

"...माजो पगार वाढूंदे... माजी मथुरा घराक येवंदे रे म्हाराजा..."

आणि तिथे थांबला. वाट बघत राहिला. तशी वाट बघणं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो. भाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बोलू नको... आग्नेल, तू बोलू नको हां. तुजो पगार वाढयतंय मी... दुप्पट करतंय... बोलू नको."

गंगारामने चौदा वर्षं जे मागितलं, ते मला न मागता मिळत होतं. तेही गप्प बसण्यासाठी. मथुराकाकीने मागे वळून बघितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर भीती अजिबात नव्हती.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडलो. "व्हय म्हाराजा!"

होडी मोकळी झाली. मी मालवणच्या काठाकडे जोर लावला तर काकी म्हणाली, "फाटी घे रे आग्नेल. माका घराक बोलवतत." मी होडी वळवली. तिला उतरवून आम्ही परत आलो, आणि ती त्या झोपडीतच राहिली. धनी नसलेल्या घरात नांदायला आली बिचारी.

दुसऱ्या दिवशी मी भाईंना विचारलं, गंगारामच्या पगारात वाढ धरून तो काकीला द्यायचा का? "व्हय," भाई म्हणाले. मला बरं वाटलं. दुपारपर्यंत कळलं की भाईंना दुसरा शब्दच बोलता येत नाही. जेवण वाढलं तरी व्हय, डॉक्टर आला तरी व्हय. गावात ही गोष्ट पसरली तसे लोक येऊन काय काय मागायला लागले. कोणी माड मागितले, कोणी मळा. भाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडातून व्हय. शेवटी त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली.

मार्गशीर्षात एका दुपारी आनंदीबाईंनी मला बोलावणं पाठवलं. भाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. खोलीत आनंदीबाई आणि मी सोडून दुसरं कोणी नव्हतं.

"व्हय," भाई म्हणाले. मग थांबले, कान दिल्यासारखे. "व्हय..." पुन्हा थांबले. "व्हय..."

"चार दिस ह्या असा चल्लाहा," आनंदीबाई कुजबुजल्या. "कोण विचारता रे तेंका? तुका कायतरी आयकाक येता?"

"नाय, वैनीनू." खरंच येत नव्हतं.

मग भाई बराच वेळ ऐकत राहिले. या वेळचा प्रश्न लांबलचक असावा. ऐकता ऐकता ते मान हलवायला लागले, नाही, नाही, नाही... उठून बसले, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. बोटं पांढरी पडली. आणि त्या बोटांमधून शब्द आलाच.

"व्हय."

मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझी दया आल्यासारखं.

चार दिवसांनी भाई गेले. त्याला आता सात वर्षं झाली. माझ्याबद्दल त्यांना काय विचारलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.