हातोडी लागली

मिरजेत आता कॅन्सरनं मरायची वेळ क्वचितच कुणावर येत असे. पण त्याचं नाव घ्यायला लोकांची जीभ अजूनही अडखळायची. विज्ञान कुठल्या कुठं गेलं, लाज मात्र जागच्या जागी पाय पसरून बसलेली.

जुलेखा शिकलगार सतारी करायची. तिची आई आणि मावशी ऐन चाळिशीत गेल्या, घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, ‘पोटाच्या दुखण्यानं’. दोघींच्या रक्तात एक नासका जीन होता. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारा मिस्त्रीच जन्मापासून लुळा. तो जुलेखाकडेही आला, म्हणून लग्नाआधीच तिनं गुपचूप राखणपेशी टोचून घेतल्या. या आपल्याच रक्तातल्या पेशी. बिघडलेली पेशी ओळखून मारायला त्यांना प्रयोगशाळेत शिकवायचं आणि परत अंगात सोडायचं. शिकार झाली की एक निळा रंग सुटायचा आणि डाव्या करंगळीच्या नखात उतरायचा. कॅन्सर आला आणि मेलासुद्धा, असा तो निरोप.

नख निळं झालं की जुलेखा सांगायची, “हातोडी लागली.” सतारीच्या कारखान्यात कोण उलटून विचारणार? सोयरीक जुळवताना पोरीच्या शिक्षणाआधी घराण्याचा जीन विचारणारे हरामखोर गल्लोगल्ली होते. म्हणून लेकीलाही, अर्शियालाही, तिनं हातोडीच सांगितली. बारावी होऊ दे, ईद होऊ दे, असं करत पोरगी एकोणीस वर्षांची झाली.

त्या दुपारी अर्शिया नव्या सतारीला पॉलिश लावत होती. डावा हात भोपळ्यावर टेकलेला. करंगळीचं नख निळं.

“हे काय गं?” जुलेखानं विचारलं.

“हातोडी लागली.”

“पॉलिश लावताना हातोडी?”

अर्शिया ओशाळली. “मग काय सांगू? अधनंमधनं होतं असं, लहानपणापासनं. तू काळजी करशील म्हणून मेंदीनं झाकायची. दुखत नाही काही. तू तसंच सांगतीस, म्हणून मीपण. मला वाटलं, आपल्यात असंच सांगायची पद्धत असंल.”

जुलेखानं ती करंगळी उजेडात धरून बघितली. पोरीला तर राखणपेशी टोचल्याच नव्हत्या. मग मेलं काय, आणि मारलं कुणी?

“ऐक,” ती म्हणाली. “तुझी नानी पोटदुखीनं नाही गेली. कॅन्सरनं गेली. तो धोका माझ्या रक्तात आहे. आणि आता वाटतं, तुझ्याही.”

तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. छत काही कोसळलं नाही.

पॉलिशचा बोळा अर्शियाच्या हातातच राहिला. “आणि हे मला आत्ता सांगतीस? नख बोललं म्हणून?”

जुलेखानं चपला घातल्या आणि लेकीला घेऊन थेट डॉक्टर बिरादारबाईंचा दवाखाना गाठला. जुलेखाला पेशी टोचल्या होत्या त्या याच बाईंनी. अर्शियाचं रक्त तपासून बाई हसल्या.

“नासका जीन आहे. पण पहाराही आहे. जुलेखाबी, गरोदरपणी आईच्या थोड्या पेशी वारेतून बाळाच्या अंगात जातात, तिथं वर्षानुवर्षं राहतात. हे जुनंच ज्ञान. तशा तुमच्या राखणपेशीही गेल्या. हिंडायलाच शिकवलेल्या त्या. पोरीच्या अंगात हिंडतायत.”

“म्हणजे तिला...”

“तुमच्याइतकाच धोका. जवळजवळ नाहीच.”

जुलेखा तिथंच ढसाढसा रडली. तोंडानं जे सांगायला ती भीत राहिली, ते तिच्या अंगानं पोर पोटात असतानाच निस्तरून टाकलं होतं.

अर्शिया मात्र नखाकडे बघत होती. “डॉक्टर, या पेशी कुणाच्या? माझ्या का हिच्या?”

“हिच्या.”

“ही गेल्यावर?”

“तरी राहतील. तुझ्या लेकीतही उतरतील कदाचित.”

“आणि नको म्हटल्या तर?”

“काढता येतील. मग नासका जीन आणि तू, दोघंच.”

बाहेर पडल्यावर अर्शिया म्हणाली, “मला विचारलं का गं कुणी?”

“मला तरी कुठं विचारलं?” जुलेखानं डोळे पुसले. “आता कुणी सोयरीक घेऊन आला, तर खरं सांगायचं. पळून गेला तर बरंच.”

“हातोडी लागली म्हणावं त्याला.”

दोघी खदखदून हसल्या. चार पावलं गेल्यावर अर्शियानं करंगळी डोळ्यांसमोर धरली. “बघतीयस काय गं सारखी?”

“मी कुठं बघतीय?” जुलेखा म्हणाली.

“तुला नाही, अम्मी. आतल्या अम्मीला.”