चार बोटांची वीत झाली

माझं डोकं आणि सेतुमाधवच्या जीपचं छत यांची ओळख पापनाशमच्या वाटेवर झाली. आमची त्यानंतर.

नेहमीचा ड्रायव्हर तापानं पडला, म्हणून डेपोतला हा फिटर गाडी घेऊन आला होता. कालव्याच्या काठावर पहिलाच बांध लागला आणि मी छतावर आदळले. मांडीवरच्या थर्मासात देवीची लस होती, बर्फात. आतली काच फुटली ती मला पोटात ऐकू आली.

"मेल्या, गाडी हाकतोस की कांडप करतोस?" मी मराठीत म्हटलं. तंजावुरात रागवायला मराठी बरी. ड्रायव्हर सगळे तमिळ, कुणाला कळत नाही.

"कांडपातून निदान तांदूळ तरी निघतात," तो मराठीतच म्हणाला. हा आमच्यातलाच, तंजावुरी मराठी निघाला.

मी लाजले नाही. का लाजू? माझा तिसरा थर्मास होता तो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऐकवलं, "अंबुजा, चौथा फुटला की तू ऑफिसात बसायचं. गावं फिरायला पुरुष नेमतो." जणू पुरुषाच्या मांडीवर काच फुटत नाही. सात वर्षं मी गावोगाव लस टोचतेय, आणि थर्मास आजवर कुणाच्या हातात दिलेला नाही. शिपायाच्या नाही, साहेबांच्याही नाही.

तशीच तणतणत डेपोत गेले. जीपखालून दोन पाय बाहेर आले होते.

"तुमची चूक नाही, बाई," पाय बोलले. "पुढच्या चाकाला वर-खाली व्हायला चार बोटंच जागा आहे. पुढं लोखंडावर लोखंड."

"आणि माझ्या डोक्याचं काय?"

"ते मजबूत आहे. छताला पोचा आलाय."

मग तो बाहेर सरकला. गालावर ग्रीस, आणि त्याच्या वर हसू... "वीतभर जागा करून देतो. स्प्रिंगचे पाटे पातळ करतो, कड्या लांब घालतो. मग चाकं नाचतील, तुम्ही नाही."

मला तो तेव्हा आवडला वगैरे काही नाही. ग्रीस कुठल्या गालावर होतं तेवढं लक्षात राहिलं. डाव्या.

शुक्रवारी दुपारी चारला तो राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत उगवला. नेसायला परीटघडीची वेष्टी, कपाळाला गंध, हातात ताट. ताटात नारळ, केळी, विडा, मल्लिगेचा गजरा.

आमच्यात शुक्रवारी चारला असं ताट घेऊन मुलगा दारात येतो तो एकाच कामासाठी, मुलगी बघायला. एकटाच आला हे आईला जरा खटकलं. पण मी सव्वीस वर्षांची, आईला आता फार काही खटकत नाही. तिनं मला रेशमी साडीत कोंबलं. पंधरा मिनिटांत गोड सोजी झाली, गरम बज्जी तळून झाली. अप्पांनी नक्षत्र विचारलं. यानं "अनुराधा" म्हणून सांगितलंही.

मी कॉफीचा टंबलर पुढं केला. तो माझ्याकडं बघतच राहिला... मग हळूच म्हणाला, "बाई, गाडी तयार आहे. आत्ताच कोविलात देवापुढं नव्या स्प्रिंगांची पूजा केली, त्याचा प्रसाद आणला."

स्प्रिंगांची पूजा! आणि घरच्यांचा गैरसमज कळूनसुद्धा पाच बज्ज्या खाल्ल्या. अप्पांपुढं चकार शब्द न काढता नमस्कार करून गेला. सोजी-बज्जी खाल्ल्यावर मुलाकडून होय-नाही कळवायचं असतं. अप्पा ओसरीवर बसून राहिले, पोस्टमनची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसले तीच फणकाऱ्यानं.

"बज्जी कशी होती?"

"मीठ कमी होतं."

"आणि उत्तर?"

त्यानं गिअर बदलला. कान मात्र लाल...

पहिला बांध आला. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. पुढची चाकं खड्ड्यात उतरली, वर आली, आणि मी पाटावर बसल्यासारखी जागच्या जागी. थर्मासातला बर्फसुद्धा खुळखुळला नाही. मला हसू येत होतं, मी ते दाबलं.

दुसरा बांध उंच होता. चाक वीतभर खाली लोंबलं आणि फट् करून काहीतरी तुटलं. सेतुमाधव ब्रेक दाबतोय, गाडी आपली चाललीय... संथ, डौलात, रथासारखी, सरळ भातशेतात. चिखलात नाक खुपसून थांबली. थर्मास शाबूत.

त्यानं खाली वाकून पाहिलं. "ब्रेकची रबरी नळी. चाक एवढं खाली जाणार, तर नळी तेवढी पुरेल का... विचारच केला नाही."

"तुमची पद्धतच ती. सगळीकडं जागा करायची, आणि जिला ताण बसणार तिला विचारायचंच नाही."

तो चिखलात पोटरीभर उभा राहिला.

"प्रसाद डेपोतही देता आला असता," तो म्हणाला. "घरी आलो. बज्ज्या खाल्ल्या. मला त्या कशासाठी आहेत ते कळत होतं. म्हणून पाच खाल्ल्या... आता विचारतो. चालेल?"

"लग्नानंतर मी घरी बसणार नाही."

"मग मी वीतभर जागा कुणासाठी केली?"

गाव अजून मैलभर होतं, बर्फ वितळत होता, आणि चिखलात उतरायला मला एक हात मोकळा हवा होता.

मी थर्मास त्याच्या हातात दिला.

"हलवू नका," मी म्हटलं.