डावीकडचं दार

गाडी दोन वर्षं घरासमोर लिंबाखाली उभी होती. पांढरी, लहान, २००८ सालची. टायर बसले होते. बॅटरी मीच काढून विकली होती. स्टेपनी भावकीतल्या एकानं नेली ती परत आणली नाही. माझी मुलगी उज्वला नांदेडला असते. दर फोनला ती एकच म्हणायची, "अप्पा, ती गाडी काढा आता. तिच्याकडं बघत बघत जेवता तुम्ही."

खरं होतं. मार्चमध्ये मी लातूरच्या व्यंकटीला फोन केला. त्याचं भंगारचं गोदाम आहे. बंद गाड्या रोख पैसे देऊन घेतो. फोटो बघून म्हणाला, उक्ते सोळा हजार देतो, न्यायला टेम्पो माझा.

मी नाही म्हणालो. अहमदपूरच्या मार्केट यार्डात मी एकतीस वर्षं मापाडी होतो. आडतीवर माल आला की तो मोजायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, हे माझं काम. न मोजता दिलं-घेतलं असं माझ्या हातून एकदाही झालं नाही. मी त्याला सांगितलं, काट्यावर घाल आणि किलोवर भाव दे.

"अप्पा, तूर हाय का ती?" तो हसला. पण कबूल झाला.

उक्ते घेतले असते तर पुढचं मला काही कळलं नसतं.

माझी बायको अंबिका हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला याच गाडीतून डायलिसिसला लातूरला नेत होतो. अशा माणसाच्या अंगात पाणी साठतं, त्यामुळं वजन सारखं बघावं लागतं. निघायच्या आधी मी घरीच तिचं वजन करायचो आणि वहीत लिहायचो. वहीतला शेवटचा आकडा चव्वेचाळीस आहे.

ती डावीकडं बसायची. ते दार आतून उघडत नव्हतं. आतली मूठ तुटली होती. दोनशे रुपयांचं काम, मी वर्षभर टाळलं. गाडी थांबली की मी वळसा घालून जायचो, बाहेरून दार उघडून धरायचो आणि म्हणायचो, उतर. कुणाशी बोलत उभा राहिलो तर ती बांगडीनं काचेवर दोनदा वाजवायची.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात शिरूर ताजबंदच्या पुढं गाडी बंद पडली. हात केला तरी कुणी थांबेना. मी रिक्षा बघायला मागं चालत निघालो. ती म्हणाली, मला एकटीला ठेवून जाऊ नका. मी म्हणालो, दहा मिनिटांत येतो.

"या मग. दार तर बाहेरूनच उघडतंय. तुम्ही उतर म्हणल्याबिगर मी कुठं उतरते?"

असं म्हणून हसली. मला यायला सव्वा तास लागला. ती पट्टा लावून बसलेलीच होती. डोळे मी गेलो त्या बाजूला. रिक्षावाल्यानं आणि एका वाटसरूनं तिला बाहेर घेतलं. मी रस्त्याच्या कडेला बसून होतो. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवूनच माती देतात. म्हणजे गाडीतून खड्ड्यापर्यंत तिला आडवं असं कुणी केलंच नाही.

व्यंकटी सकाळी दहाला टेम्पो घेऊन आला. फळ्या लावून गाडी वर ओढली. उजवी चाकं सरळ चढली. डावीकडची फळी वाकली, आणि तो म्हणाला, या अंगाला लई जड हाय. मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसलो.

शिरूरच्या पुढं गेल्यावर मागं काचेवर टकटक झालं. दोनदा.

व्यंकटीनं आरशात बघितलं. "काच ढिली हाय वाटतं."

काचा सगळ्या वर होत्या आणि घट्ट होत्या. चढवताना मीच बघितल्या होत्या.

गोदाम म्हणजे पत्र्याची मोठी शेड. उन्हानं पत्रे तडतड वाजत होते. जळक्या ऑइलचा आणि गॅसचा वास. फाटकाच्या आत जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, बाजूला लाल आकड्यांची पेटी. काटा खरा आहे का ते आधी बघायचं आणि मग माल चढवायचा, ही माझी रीत. मी स्वतः चढलो. अठ्ठावन्न. सकाळी घरीही अठ्ठावन्नच भरलो होतो. काटा खरा होता.

मग दोन गड्यांनी गाडी लोटत काट्यावर आणली.

आकडे हलले आणि थांबले. सहाशे चौऱ्याऐंशी.

व्यंकटीनं आरसी बुक उघडलं. त्यात रिकाम्या गाडीचं वजन सहाशे पासष्ट. बॅटरी नाही, स्टेपनी नाही, टाकीत थेंब नाही. सहाशे चाळीस भरायला पाहिजे होती. हिशेब मी त्याच्या आधीच केला होता.

"अप्पा," तो म्हणाला, "मापाडी माणूस तुम्ही. माती भरली का काय गाडीत?"

गडी हसले. माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, बघून घे. त्यानं चारी दारं उघडली, डिकी उघडली, पायपुसणी उचलून झटकली. सीटखाली तिची पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली निघाली. दिवसभरात तिला तेवढंच पाणी चालायचं. बाटली कोरडी होती. बाकी काही नव्हतं.

गाडी खाली घेतली, आकडा शून्यावर आणला, पुन्हा चढवली. सहाशे चौऱ्याऐंशी.

व्यंकटी डाव्या दारातून आत वाकला आणि सीटवर हात ठेवला. लगेच काढला. हाताकडं बघितलं, पँटला पुसला. दार लावून घेतलं. त्यानंतर तो हसला नाही.

मी काचेतून बघितलं. उजवी सीट फुगलेली होती. डावी दबलेली होती.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "बुकातून बॅटरी-स्टेपनी काढून सहाशे चाळीस धरू. वरचे चव्वेचाळीस कडता."

माती, ओल, पोत्याचं वजन, असं जे मालाबरोबर आलं पण माल नाही ते मापातून वजा करतात. तो कडता. एकतीस वर्षं मी लोकांचे कडते लावले.

मी मान हलवली. हो म्हणालो. त्यानं मोजून दिलेले पैसे मी खिशात घातले.

गाडी काट्यावर असतानाच गड्यानं गॅसकटर पेटवला. आधी दारं उतरवतात. तो डावीकडून सुरू करणार होता. निळी ज्योत त्यानं बिजागरीजवळ नेली.

टकटक.

तो मागं सरला. डोळ्यांवरचा चष्मा वर केला. आत बघितलं, मग व्यंकटीकडं बघितलं. त्यानं कटर विझवला.



चारचौघांत मी कधी बायकोला हाक मारली नाही. नाव तर कधीच घेतलं नाही. आमच्याकडं तशी पद्धत नाही. पण कटर पुन्हा पेटला असता. गड्याला कापायचेच पैसे मिळत होते.

मी वळसा घालून डावीकडं गेलो. दार उघडलं आणि धरून उभा राहिलो.

"अंबिका," मी म्हणालो. "आलो मी. उशीर झाला. उतर."

शेडमध्ये पत्रे वाजत होते.

सीट हळूहळू वर आली. बसलेलं माणूस उठल्यावर येते तशी.

डावीकडच्या स्प्रिंगनं बारीक आवाज केला.

मी पेटीकडं बघितलं नाही. व्यंकटीनं बघितलं. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला, मी यार्डात वाचायचो तसा.

"सहाशे चाळीस."

गड्यांनी घाईघाईनं गाडी काट्यावरून खाली लोटली. आकडा शून्यावर आला. व्यंकटीनं मला राम राम केला, पण जवळ आला नाही. म्हणाला, अप्पा, स्टँडपर्यंत रिक्षा करून देऊ का? मी नको म्हणालो. तिची बाटली उचलून पिशवीत घातली आणि निघालो.

फाटकाकडं जायला काटा ओलांडावा लागतो. मी त्यावर पाय ठेवला, दोन पावलं चाललो आणि सवयीनं थांबलो. आकडा स्थिर होईपर्यंत मापाड्यानं हलायचं नसतं.

एकशे दोन.

व्यंकटी पेटीकडं बघत होता. त्यानं हात लांब करून तिची वायर ओढून काढली.

मी बाहेर पडलो आणि स्टँडचा रस्ता धरला. ऊन कडक होतं. मी सावकाश चाललो. तिला भराभर चालवत नाही.