फुंकर

"वयनी, तू येऊ नको... पोटात दुखतंय सांग, कायपण सांग, पन आज येऊ नको!"

फोनवर धाकट्या जावेचा, जागृतीचा, आवाज इतका चिरकला होता की सगुणाने फोन कानापासून लांब धरला. दारात पुतणी अमिषा गाडीची चावी बोटात फिरवत उभी होती. आज तिच्या बाळाचं उष्टावण होतं, आणि तेही देवघरासमोर नव्हे, तर नेरुळच्या बड्या हॉटेलात, रविवारच्या ब्रंचला! न्याहारी म्हणावी तर ऊन डोक्यावर, जेवण म्हणावं तर ताटात अंडी; पण हौसेला मोल नसतं.

"मम्मीच ना?" अमिषा हसली. "मोठी आई, तू चल. तुझ्याशिवाय बाळाच्या तोंडाला चमचा लागणार नाही."

सगुणा गाडीत बसली खरी, पण दोन्ही हात तिने पदराखाली लपवले होते. मनगटापर्यंत कातडी आवळलेले, भाजलेले हात... साऱ्या भयाचं मूळ तेच होतं.

अमिषा चार वर्षांची होती तेव्हा उरणकडच्या घरात दोघी जावा एकत्र नांदत होत्या. सगुणा विधवा, निपुत्रिक; हृदयातलं सारं वात्सल्य तिने दिराच्या या पोरीवर ओतलं होतं. एके दिवशी जागृतीने पेजेचा उकळता टोप चुलीवरून उतरवला, वाटेतच ठेवला आणि ती दाराशी शेजारणीशी बोलत राहिली. खेळता खेळता मागे सरकलेली पोर थेट टोपात कलंडली! परसात मासळी साफ करणारी सगुणा किंकाळी ऐकून धावली, आणि त्या उकळत्या पेजेत दोन्ही हात घालून तिने लेकराला उचललं. दीर दत्तात्रेय घरात शिरला तेव्हा पोर तिच्याच हातात होती.

"टोप कोनी ठेवला हितं?" तो गरजला.

जागृती भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या पोटात दुसरं होतं. दिराचा जमदग्नीचा राग सगुणाला ठाऊक होता... आता ही अभागिनी कायमची माहेरी जाणार!

"मी," सगुणा म्हणाली.

त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही मुलाला तिचा हात लागू द्यायचा नाही, असं दत्तात्रेयने बजावलं. पुढे त्याचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात धावू लागले, कुटुंब उलव्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं, आणि सगुणा मिठागराच्या बांधाजवळच्या त्या जुन्या घरात एकटीच उरली. बारशाला तिला बोलावणं असे, पण तिची जागा पाळण्यापाशी नव्हे, उंबऱ्यापाशी!

हॉटेलातल्या गार हवेत सगुणा अमिषाच्या मागोमाग शिरली. पांढऱ्या टोपीतला आचारी तव्यावर जाळाचा भडका उडवत होता आणि लोक कौतुकाने त्याचे फोटो काढत होते. लोकांना कशाचं कौतुक वाटेल, सांगता येत नाही. सगुणा मात्र प्रत्येक भडक्याला नजर फिरवत होती. दत्तात्रेय आणि जागृती आधीच येऊन बसले होते. दत्तात्रेयने वहिनीला पाहून मान हलवली आणि बाळाची बाबागाडी हळूच आपल्याकडे ओढली. जागृतीच्या हातातला ग्लास ओठापर्यंत पोचलाच नाही.

'घाबरू नको गो,' सगुणा मनोमन म्हणाली. 'आजवर बोलली न्हाय, ती आज काय बोलू?'

अमिषाने थर्मासमधली खीर चांदीच्या वाटीत ओतली. वाटीतून वाफ उसळली, आणि सगुणाच्या डोळ्यांपुढे तो टोप उभा राहिला...

"उष्टावण मामाने करायचं, पण मितेश बसलाय दुबईला," अमिषा म्हणाली. "म्हणून मोठी आई करणार!" आणि तिने बाळ सरळ सगुणाच्या मांडीवर ठेवलं.

"नाय!" दत्तात्रेय ताडकन उठला. "तिच्या हाती नाय! एक पोर भाजली ती पुरे नाय झाली?"

आजूबाजूच्या माना वळल्या. ऑम्लेट आणणारा वेटर ताट घेऊन तसाच थिजला. सगुणाने बाळ अमिषापुढे धरलं. इतकी वर्षं उराशी धरलेलं ते असत्य तिच्या हातांनाच आता सत्य वाटू लागलं होतं!

"खरं हाय भावजी... घे गो पोरी, बाळाला घे. माझा हात चांगला न्हाय..."

पण अमिषाने बाळ घेतलं नाही. बिनबाह्यांच्या झग्यात तिच्या खांद्यावरचा जुना डाग उघडा होता. ती आईकडे वळली.

"मम्मी, मला भाजल्याचं काही आठवत नाही. पण दवाखान्यात कुणीतरी सतत माझ्या खांद्यावर फुंकर घालत होतं, ते आठवतं. तू होतीस का ती?"

जागृतीचे ओठ हलले. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने सगुणाकडे पाहिलं... आणि सगुणाने मान खाली घातली, तिच्यासाठी पुन्हा एकदा!

तो आघात जागृतीला सोसवला नाही. "नाय गो... ती वयनी होती!" तिने हंबरडा फोडला. "आन् टोप... टोप मी ठेवला व्हता! वयनीनं तुला काढली, आन् मी भेकड, तोंड शिवून बसली!"

दत्तात्रेयचा चेहरा लालबुंद झाला. "ऊठ! आत्ताच्या आत्ता माहेरी..."

ज्या क्षणाच्या भीतीने सगुणाने आयुष्य जाळलं, तो क्षण अखेर आलाच होता! ती बाळाला घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली.

"भावजी, बसा खाली! याच भीतीनं मी खोटं बोलली. एकीला उंबऱ्याशी उभी केलीत, आता दुसरीला नको!"

दिरापुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. दत्तात्रेय मटकन खाली बसला. त्याची नजर तिच्या हातांवर गेली. इतक्या वर्षांत त्याने ते कधी नीट पाहिलेच नव्हते.

"वयनी, मी तुला..." त्याने दोन्ही हात जोडले.

सगुणाने बाळ जागृतीच्या मांडीवर दिलं. "तू धर गो. चमचा मी लावते."

तिने खिरीवर फुंकर घातली, मग पुन्हा घातली, तरी धीर होईना. तिने चमचा जावेपुढे धरला.

"जागू, बघ गो... पोळंल का?"

जागृतीने बोट बुडवलं. तिचे अश्रू बाळाच्या अंगड्यावर टपटपत होते.

"गार हाय, वयनी," ती म्हणाली. "भरव."