वहाब मास्टरच्या अकरा कॅसेटी

शहाद्यात जुने अँप्लिफायर दुरुस्त करणारे आता आम्ही दोघंच उरलो, आणि त्यातल्या दुसऱ्याला तारेला नीट सोल्डरचा डाग द्यायला येत नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, मुजफ्फरमियाँचं वय झालं, कान गेले. कान शाबूत आहेत माझे.

वहाब मास्टर आमच्या बँडचा गायक. मागे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल, मध्ये भोंगा लावलेली हातगाडी आणि पुढे लाल कोटातला वहाब. खांडबाऱ्यापर्यंतचे लोक आधी त्याला विचारायचे, मग लग्नाची तारीख धरायचे. त्याची खासियत म्हणजे दोन गळे. दोघांचं गाणं तो एकटाच म्हणायचा. बाईची ओळ आली की तोंडापुढे रुमाल धरायचा आणि रुमालामागून असा स्वच्छ, कोवळा बायकी आवाज यायचा की गच्चीवरच्या बाया ओणवून बघायच्या, खरंच कोणी बाई आहे का म्हणून. तीस वर्षं मी हातगाडीशेजारून चाललो. माइक एकच होता आणि तारही एकच.

त्याची बायको बिबीजान मुकी होती. जन्मापासून नाही. मुलगी झाली, अस्मा. चाळिसाव्या दिवशी बिबीजानचं न्हाणं झालं आणि त्या दुपारपासून आवाज बंद. धुळ्याच्या डॉक्टरनं घशात नळी घालून पाहिलं, सगळं जागच्या जागी होतं. त्याच हंगामात वहाबला दुसरा गळा सापडला. या दोन गोष्टी मी कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. कशाला पाहीन? मी तारा जोडणारा माणूस.

गेल्या वर्षी वहाब वारला. चाळिसावा झाला आणि मायलेकी माझ्या दुकानात आल्या. अस्मा आता चौतीसची, उर्दू शाळेत शिकवते, बोलायला सडेतोड. तिनं बिस्किटांचा डबा काउंटरवर ठेवला. आत अकरा कॅसेटी, सगळ्या मीच भरलेल्या.

"चाचा, अम्मी म्हणते या पुसून टाका. मी म्हणते नको. अब्बांचं दुसरं आहे काय आमच्याकडे?"

बिबीजाननं एक कॅसेट उचलली आणि पाटी पुसावी तसा तिच्यावरून तळवा फिरवला. मग तोच तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

माझं डोकंच फिरलं. "भाभी, अहो लोक जीव टाकतात या आवाजावर!"

तिनं पुन्हा तळवा फिरवला. अस्मानं डबा माझ्याकडे सरकवला. आईनं आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

पुसायच्या आधी एकदा ऐकावं म्हणून मी पहिली कॅसेट घालून कानाला हेडफोन लावला. तिसरं गाणं शेवंतीचं होतं, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला मिरवत निघतो तेव्हाचं. वहाबनं ओळीच्या शेवटी लांब सूर धरला होता. तो संपायच्या आत बाईची ओळ सुरू झाली.

मी कॅसेट मागे घेतली. टेपचं हेड स्पिरिटनं पुसून परत ऐकली. चार शब्द दोन्ही आवाज एकत्र होते. वहाबचा सूर चालूच होता आणि बाईनं मध्येच श्वास घेतला. एका माणसाला असं करता येत नाही. माझ्याकडे तेव्हा आवाजावर आवाज चढवायचं यंत्रही नव्हतं.

कोणाला सांगितलं नाही. माइक न लावता रेकॉर्डचं बटण दाबलं की कॅसेट कोरी होते. तशी मी ती कोरी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्मा धापा टाकत आली. "चाचा, अम्मी 'पानी' म्हणाली."

"खोकली असेल गं," मी म्हणालो.

चौथी कॅसेट पुसली त्या दिवशी बिबीजान स्वतःच पायरीवर येऊन उभी राहिली. "मुजफ्फरभाई," ती म्हणाली. आवाज कोवळा, चौतीस वर्षांत एक दिवसही न वापरल्यासारखा. मी तो लगेच ओळखला. उभी हयात तो माझ्याच तारांतून गेला होता. अंगावर सर्रकन काटा आला आणि खरं सांगतो, आनंदानं डोळेही भरले. सातवी पुसली तेव्हा तिनं अस्माला पहिल्यांदा नावानं हाक मारली. ती पोर माझ्या काउंटरवर डोकं ठेवून रडली.

पंधरा दिवसांत अकराही कोऱ्या झाल्या. बिबीजान बोलत सुटली. भाजीवालीशी भांडायची, अस्माला लहानपणीच्या राहून गेलेल्या गोष्टी सांगायची.

पण मी एक लबाडी केली होती. शेवंतीचं गाणं पुसण्याआधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. वहाब कायमचा जाणार, हे मला सोसेना.

मे महिन्यात लोणखेड्याचे सुपडूअण्णा आले. नात रंजिताचं लग्न होतं.

"मन्हा पोऱ्याना लगीनमा वहाब व्हता," ते म्हणाले. "नातना लगीनमा बी त्यानाच आवाज पायजे. तुन्हाजोडे काहीच नही, अशी थाप मारू नको."

नाही म्हणायला हवं होतं. पण मी तरी कुठला ऐकतोय! वहाबचा आवाज फक्त माझ्याकडे आहे, हे कोणाला तरी सांगायचंच होतं मला. "शे एक गाणं," मी कबूल करून टाकलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी शेवंती निघाली. मी पेनड्राइव्ह लावला.

वहाब गायला लागला. नाचणारे थांबले. म्हाताऱ्यांनी टोप्या सावरल्या.

बाईची ओळ आली. मला वाटलं होतं, तो आवाज आता बिबीजानकडे परत गेलाय, तिथे नुसता ढोल वाजेल.

आवाज आला. पूर्वीपेक्षा जवळून.

लोकांनी शूटिंगसाठी मोबाइल वर केले.

माझ्या खिशात फोन वाजला. अस्मा होती. "चाचा, अम्मी बोलता बोलता थांबली. तोंड हलतंय, आवाज नाही." मग ती थबकली. "तुमच्या मागे कोण गातंय?"

मी पेनड्राइव्ह उपटला आणि गाडीच्या चाकाखालचा दगड घेऊन ठेचला.

बिबीजानचा आवाज परत आला नाही. सुपडूअण्णांना घेऊन मी लोणखेड्यात दारोदार फिरलो, पुसा रे बाबांनो म्हणून हात जोडले. काहींनी पुसलं. बाकीचे हसले.

बिबीजान रोज दुकानात येऊन बसते. अस्मा शाळेतून येऊन तिला घेऊन जाते. माझ्याशी बोलत नाही.

काल दुपारी बिबीजान पाणी पिता पिता थांबली. तिचा गळा वर-खाली हलू लागला, गाताना हलतो तसा. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा.

संध्याकाळी सुपडूअण्णांचा फोन आला. रंजिताच्या सासरी पाहुण्यांना तो व्हिडिओ दाखवला, सगळे खूश झाले.

"कितला वाजता?" मी विचारलं.

"जेवण व्हयनं तव्हय. एक वाजता व्हई. थांब, तुले बी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडस."

व्हिडिओ आला. मी उघडला नाही. त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'.